गौरीच्या ताटातल्या कुर्ल्या

आमच्या वाडीत मला 'आल्बमवाली' म्हणतात. म्हणणाऱ्याच्या सुरावरून कौतुक आहे की टोमणा, ते कळतं. लग्नाआधी मी ऑर्केस्ट्रात गायचे. लग्नानंतर माझं एक हळदीचं गाणं गाजलं आणि मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठंही मांडव पडला की स्पीकरवर मी. चेहरा मात्र कुणाला ठाऊक नव्हता. एकदा मी पाहुणी म्हणून गेलेल्या हळदीत एक मुलगी मला म्हणाली, "ताई, जरा बाजूला व्हाल? नाचायला जागा पुरत नाही." गाणं माझंच चालू होतं. मी बाजूला झाले.

तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कंपनीनं मला गौरी-गणपतीचा आल्बम करायला बोलावलं. सहा गाणी ठरली. पाच त्यांची, संगीत मुंबईत वाजवून तयार झालेलं, मी फक्त आवाज भरायचा. सहावं गाणं म्हणून कंपनीचे साहेब म्हणाले, "तुमच्याकडचं काहीतरी पारंपरिक द्या ना, ताई. मातीचा वास पाहिजे." साहेब वयानं माझ्याहून लहान होते, पण मी त्यांना साहेबच म्हणायचे. फोनवर ते नेहमी गोड बोलत.

रेकॉर्डिंग रत्नागिरीतच झालं. बाजारपेठेत एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत आमचा रेकॉर्डिस्ट बसतो. आधी तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा, मग आवाजाच्या नादाला लागला. खोलीवर पत्रे आहेत आणि श्रावणातली सर आली की माईक बंद करून चहा प्यायचा, हा तिथला नियम. चार दिवसांत आम्ही पंधरावीस वेळा तरी चहा प्यायलो आणि पाच गाणी पुरी केली. त्या गाण्यांत गौर सोनपावलांनी आली, पैठणी नेसली, पुरणपोळी जेवली, झोपाळ्यावर बसली. मी मन लावून गायले. कुणाच्या तरी घरी ती गौर तशीच येत असणार. माझ्या ओळखीची ती नव्हती एवढंच.

आमची गौर तेरड्याची. वाडीतल्या बायका पाणवठ्यावर जातात, तेरड्याची रोपं मुळासकट धुऊन घेतात आणि घरी आणतात. येताना जिच्या हातात गौर असते तिनं तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे वाटेत बोलणंच नको. पहिला दिवस भाजी-भाकरीचा. दुसऱ्या दिवशी तिचं जेवण असतं, आणि ते तिखटाचं असतं. घरातला बाप्या समुद्रावर जातो, बाई मासे विकते, अशा घरी माहेरवाशीण आली तर तिला काय वाढणार? जे घरातलं सगळ्यात चांगलं ते. वडे आणि कुर्ल्यांचा रस्सा.

सहाव्या गाण्यासाठी मी आईला स्टुडिओत घेऊन गेले. आई तेव्हाही बाजारात बसत होती, अजून बसते. ती थेट बाजारातून आली, रिकामी पाटी काखेत घेऊन. रेकॉर्डिस्टनं पाटीकडे बघितलं आणि म्हणाला, "काकी, ती बाहेर ठेवता?"

"धुतलेली हाय," आई म्हणाली आणि पाटी खोलीत आणून, पालथी घालून तिच्यावर बसली.

तिनं चाल सांगितली. दोनदा सांगितली, तिसऱ्यांदा मी तिच्याबरोबर गायले, आणि रेकॉर्डिस्टनं शहाणपणा करून तेवढ्यात बटण दाबलं होतं. ती तिसरी खेपच आम्ही ठेवली. आईचा आवाज माझ्या आवाजाखाली, जरा मागं, जरा चिरका.

गौराय आली माहेरा, तिला बसाया द्या पाट,
गोडधोड सासरी गो, हितं कुर्ल्यांनी भरा ताट.

"हे कुणाचं आहे काकी?" रेकॉर्डिस्टनं विचारलं.

"माझ्या आयशीनं शिकवलंन. तिला कुणी शिकवलंन ते तिला विचारायला पायजे होतं."

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. "ट्यून कमाल आहे," ते म्हणाले. "रील्सवर धावेल. एकच शब्द बघा. कुर्ल्या म्हणजे काय?"

"खेकडे."

"गौरीला खेकडे?"

"आमच्याकडे, हो."

"अहो ताई, देवाचा आल्बम आहे. लोक भावना दुखावल्या म्हणून आपल्यालाच धरतील. 'पुरणानं भरा ताट' करा. मीटरमध्ये बसतं, मी म्हणून बघितलं."

बसत होतं, तेच वाईट होतं. मी म्हटलं, "मग आधीच्या 'गोडधोड सासरी'चं काय करायचं? सासरी गोड, माहेरीही गोडच, तर ती बिचारी आली कशाला?"

ते हसले. "एवढा अर्थ कोण बघतं, ताई? उद्या सकाळपर्यंत सांगा."

मी ओळ बदलून घरात म्हणून बघितली. खरं सांगते, मी बदलणार होते. कंपनीचा आल्बम म्हणजे वर्षभराचे कार्यक्रम, आणि एका शब्दासाठी कोण भांडतं? पण 'पुरणानं' हा शब्द तोंडात आला की माझी जीभ अडखळत होती, आणि का अडखळते ते मला माहीत होतं.

सातवीत असताना बाईंनी निबंध दिला होता, 'आमच्या घरचा सण'. वर्गात निम्मी मुलं नोकरदारांची, बागायतदारांची. मी लिहिलं की आमच्या घरी गौरीला पुरणपोळी करतात, आई पोळीवर तुपाची धार धरते आणि घरभर वेलचीचा वास सुटतो. तोवर मी पुरणपोळी चाखलीही नव्हती. बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला. पुढच्या आठवड्यात त्या बाजारात बांगडे घ्यायला आल्या आणि आईला म्हणाल्या, "तुमची मुलगी फार छान लिहिते. तुमच्याकडच्या पुरणपोळ्या खायला यायला हवं एकदा."

मी आईच्या मागंच बसले होते. आईनं बांगडे मोजता मोजता एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "होय बाई, या की."

घरी आल्यावर पाय धुताना तिनं एवढंच विचारलं, "तुला लाज वाटली गो?"

"नाय," मी म्हटलं.

"मग बरं," ती म्हणाली. पुन्हा तिनं तो विषय कधीच काढला नाही. ओरडली असती तर मी केव्हाच विसरून गेले असते.

सकाळी मी साहेबांना फोन केला. "ओळ राहील," मी म्हटलं.

"मग गाणं राहणार नाही, ताई."

"गाणं नाही तर मीही नाही."

"विचार करा. बाकीची पाच गाणी आमची आहेत."

"तुमचीच आहेत. ठेवा तुम्ही."

माझा नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. तो डिझेलचे हात पुसत दारात उभा राहून ऐकत होता. "आता?" त्यानं विचारलं.

"आता आपला आल्बम."

"काढणार कोण?"

"मी."

तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. "जेवायला वाढ," म्हणाला. त्याच्याकडून तेवढं होकारातच धरायचं असतं.

आठवड्याभरात रेकॉर्डिस्टनं मला एक गाणं पाठवलं. कंपनीच्या पाचातलंच एक. संगीत तेच, आवाज दुसऱ्या मुलीचा. मी ज्या ज्या जागा घेतल्या होत्या त्या तिनं जशाच्या तशा घेतल्या होत्या, जिथं मी श्वास सोडला होता तिथंच तिनंही सोडला होता. माझं गाणं तिला ऐकवून बसवलं होतं, हे उघड होतं. मुलीचा राग आला नाही, ती चांगली गायली होती. पण मला इतक्या सहज पुसता येतं, हे कळल्यावर जो ताव आला त्यातच पुढचं सगळं झालं.

गौरी यायला तीन आठवडे होते. मी वाडीत घरोघर फिरले. आठ बायका तयार झाल्या. सगळ्या हाताला काम असलेल्या, कुणी सुकी मासळी निवडायला जाणारी, कुणी बर्फाच्या कारखान्यात, कुणी नुसतं घर सांभाळणारी. प्रत्येकीला एक तरी गौरीचं गाणं येत होतं, आणि प्रत्येकीला ते अर्धंच येत होतं. अर्धी अर्धी जोडून पाच गाणी झाली. कुर्ल्यांच्या गाण्याची दोनच कडवी आईला आठवत होती, पहिलं आणि शेवटचं. मधलं कडवं सापडलं ते वाडीच्या मंडळाच्या अध्यक्षांच्या बायकोकडे. ती पन्नाशीची, कमी बोलणारी. आम्ही गात असताना ती एकदम मधेच म्हणाली, "ह्यात पडद्याचं हाय ना गो," आणि म्हणून दाखवलं:

मधी धरा गो पडदा, बाळ गणोबा झोपू दे,
माझ्या गौरायला आज पोटभर जेवू दे.

आमच्याकडे गौरीला तिखटाचं ताट दाखवताना गणपतीसमोर पडदा धरतात. तो मोदकवाला देव, त्याला त्या ताटाचा वास नको. मी लहानपणापासून तो पडदा बघत आले होते. पण पोर झोपलं म्हणजे आईला शांतपणे चार घास खाता येतात, हा त्यातला भाव मला ते कडवं ऐकेपर्यंत कधी सुचला नव्हता. दोन पोरांची आई असून सुचला नव्हता.

फोटो स्टुडिओच्या खोलीत आई धरून आम्ही दहा बायका मावेनात, म्हणून रेकॉर्डिस्ट आपलं सामान घेऊन वाडीत आला. जाळी दुरुस्त करायची जी लांब पडवी आहे तिथं आम्ही बसलो. जाळ्यांचे ढीग भिंतीसारखे रचले, त्यामुळे आवाज घुमेना. त्याचं त्यालाच नवल वाटलं. म्हणाला, "मुंबईत ह्यासाठी फोम लावतात." वाद्यं दोनच, एक ढोलकी आणि घागर. घागर आईनं घरून आणली आणि तोंडाशी सूप घासून घुमवली. कावळे मधे मधे ओरडायचे. दोन ठिकाणी अजून ऐकू येतात.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. तालुक्याच्या शाळेतून कारकून म्हणून निवृत्त झालेला सभ्य माणूस, शिव्या देणारा नव्हे. खुर्ची दिली तरी उभेच राहिले. "बाय, तुझं नाव झालं त्याचा आम्हाला अभिमान आहे," ते म्हणाले. "पण हे गाणं सगळीकडे जाणार. माझा मुलगा पुण्याला आहे. खोली भाड्यानं देताना पहिला प्रश्न विचारतात, मासे खाता का. तीन ठिकाणी नाही म्हणाले त्याला. त्यात तू आता देवीच्या नावानं हे वाजवणार. आपल्याच पोरांना हिणवतील."

खोटं ते काहीच बोलत नव्हते. मी म्हटलं, "काका, गाण्यात लपवलं म्हणून त्याला खोली मिळेल का?"

"तसं नाही. पण आपल्या घरात काय चालतं ते चव्हाट्यावर कशाला?"

"पुरणपोळी चव्हाट्यावर आलेली चालते. कंपनीची पाच गाणी चालतात सगळ्यांना. हे एकच कसं काय घरात ठेवायचं?"

ते बायकोकडे वळले. "चल गो तू."

तिनं पदर खोचला होता, तो तसाच ठेवला. "तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. "माझं कडवं व्हायचंय अजून."

अध्यक्ष छत्री उघडून निघून गेले. आम्ही कुणी हसलो नाही. घरी तिला ह्याची काय किंमत मोजावी लागेल ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कडवं तिनं एका झटक्यात, एकाच श्वासात म्हटलं. तेच आल्बममध्ये आहे. मंडळानं त्या वर्षीचा माझा वाडीतला कार्यक्रम रद्द केला, तोही अध्यक्षांच्या स्वतःच्या सहीनिशी.

गौर यायच्या दिवशी सकाळी आल्बम बाहेर काढायचा, असं मी ठरवलं. कंपनीवाले असं काही करतात तेव्हा हॉल घेतात, पाहुणे बोलावतात. मला बाजार सुचला. सकाळी साडेनऊची वेळ, मासळी उतरून झालेली, गिऱ्हाईक दाटलेलं. बर्फाच्या पेटीवर स्पीकर ठेवला. आईच्या हातात फोन दिला आणि कुठं दाबायचं ते दाखवलं. तिनं आधी हात पदराला पुसला. मग बोट टेकवलं तरी फोन ऐकेना, कारण बोट ओलंच. तीन वेळा पुसून झाल्यावर एकदाचं ते दाबलं गेलं, आणि आमचा आल्बम जगाला उपलब्ध झाला.

गाणं लागल्यावर पाट्यांमागं बसलेल्या बायका प्रथम गप्प झाल्या. 'कुर्ल्यांनी भरा ताट' आलं तशी पलीकडची एक बाई सुरा खाली ठेवून म्हणाली, "अगो, हे आमचं गाणं." तिच्या शेजारची म्हणाली, "तुमचं कसलं, आमचं." आणि दोघी गाणं संपेपर्यंत त्यावरून भांडत होत्या. गिऱ्हाइकं हसत होती. एक गृहस्थ मात्र पिशवी घेऊन न बोलता परत गेले. बाजारात मासे घ्यायला आलेला माणूस गाण्यातल्या कुर्ल्यांना का बिचकला, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या दुपारपासून फोनवर शिव्या येऊ लागल्या. काय काय लिहिलं होतं ते इथं सांगत नाही. धर्म बुडवला, देवी बाटवली, पैसे खाऊन केलं, असं पुष्कळ. एकानं लिहिलं होतं, हिला देवळात येऊ देऊ नका. मी सगळं वाचलं. नवरा म्हणाला, "नको वाचू." मी म्हटलं, "वाचते. मला कळू दे कोण कोण आमच्या घरी जेवायला येणार नाही." एकीलाच मी उत्तर दिलं. तिनं विचारलं होतं की अशी रीत खरंच आहे का की प्रसिद्धीसाठी बनवली. मी लिहिलं, 'माझ्या आईच्या आईला प्रसिद्धीची फार हौस होती असं दिसतं.'

लांज्याच्या कार्यक्रमवाल्यांचा फोन आला. त्यांनी फार अजिजीनं सांगितलं की यंदा भजनाचाच कार्यक्रम ठेवलाय, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी फोन आला नाही. असे आणखी दोन कार्यक्रम गेले. उलट बाजूनं, मंडणगडकडच्या डोंगरातल्या वाडीतून एका बाईनं आपल्या आवाजात निरोप पाठवला, "ताई, आमच्या गौरीला गावठी कोंबडा असतो. आमचं पण गाणं हाय. पाठवू का?" तिनं पाठवलं. मग कुणी सुकटीचं पाठवलं, कुणी नुसत्या भाजी-भाकरीचं. घरोघरी काय शिजतं ते बायका मला सांगू लागल्या, जणू मी विचारायचीच त्या वाट बघत होत्या.

गुहागरचा कार्यक्रम तेवढा राहिला होता. गौर गेल्यावर दोन दिवसांनी, सार्वजनिक गणपतीपुढे, दुपारी चारला, बायकांसाठी. स्टेजमागं संयोजक माझ्याजवळ आले. भला माणूस, पण घामाघूम झालेला. "ताई, हळदीचं म्हणा, सगळं म्हणा," ते म्हणाले. "ते एक तेवढं नको. गणपतीपुढे बरं दिसत नाही."

"गणपतीपुढे बरं दिसत नाही, हे बरोबर आहे," मी म्हटलं. त्यांना हायसं वाटलं. मी त्यांना पुढचं काही सांगितलं नाही.

स्टेजवर गेल्यावर मी माईक घेतला आणि म्हटलं, "आमच्याकडे गौरीला तिखटाचं जेवण वाढताना गणपतीसमोर पडदा धरतात. मला आता गौरीचं गाणं म्हणायचंय. कुणी दोघी येऊन पडदा धराल?" मी माझ्या बॅगेतलं नवं लुगडं काढलं. आईसाठी घेतलं होतं, हिरवं.

मांडवात कुणी हलेना. मग मधल्या रांगेतून एक थोराड बाई उठली, तिनं आपल्या सुनेला दंडाला धरून उठवलं आणि दोघी वर आल्या. त्यांनी लुगड्याची दोन टोकं धरून गणपतीसमोर पडदा केला. त्या कशा उभ्या राहिल्या त्यावरूनच कळलं की आयुष्यभर त्यांनी हे केलंय. मी गायला लागले.

पहिलं कडवं झालं तशा बाजूच्या खुर्च्या वाजल्या. बायकांबरोबर आलेले काही पुरुष उठले, त्यांनी आपापल्या बायकांना खुणा केल्या, आणि बारा-पंधरा माणसं उठून गेली. मला प्रत्येक पाठ दिसत होती. तरी मी सूर खाली घेतला नाही, उलट चढवला. पडद्याच्या कडव्याला मागच्या बायका साथ धरू लागल्या, आणि शेवटी पंचवीस-तीस जणी खुर्च्या सारून फेर धरून उभ्या होत्या. संयोजकांनी कपाळाला हात लावला होता. गाणं संपल्यावर मी गणपतीला हात जोडले, त्या दोघींनी लुगड्याची नीट घडी करून मला दिली, आणि मग मी हळदीचं गाणं म्हटलं.

परत येताना तवसाळहून जयगडला फेरीबोटीत बसलो. नवरा गाडीत सामानापाशी थांबला, मी कठड्याला टेकून उभी होते. ऊन अजून होतं. एक बाई माझ्याकडे येताना दिसली. नीटस, चष्मा लावलेली, साधारण माझ्याच वयाची. मी तिला ओळखलं. उठून गेलेल्यांत ती होती, तिसऱ्या रांगेत. तिचा नवरा मागं गाडीला टेकून फोन बघत होता. माझ्या डोक्यात दिवसभराचं सगळं साचलेलं होतं. ती बोलायच्या आधीच मी म्हटलं, "माझ्या घरची रीत आहे, त्यासाठी मी माफी मागणार नाही."

ती चपापली. "मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "आम्ही उठलो ते ह्यांच्यामुळे. आमच्याकडे गोडाचाच नैवेद्य असतो, मी स्वतः मासे खात नाही. पण ते सासर-माहेराचं... बाहेर पडता पडता पडद्यापर्यंत ऐकलं मी. पुढं काय होतं तिचं?"

ज्या बाईला मी दोन तास मनात शिव्या दिल्या होत्या ती गाण्याचा शेवट विचारत होती.

"म्हणून दाखवू?"

तिनं मागं वळून नवऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "दाखवा."

इंजिनाची घरघर होती, त्यामुळे हळू गाऊन चाललं नसतं. हळू गायची माझी इच्छाही नव्हती. मी पूर्ण आवाजात म्हटलं:

तीन दिसांचं माहेर गो, मग सासरची वाट,
खाऊन घे गो बाये, पुन्हा कोण भरील ताट.

कठड्याजवळची माणसं वळून बघू लागली. तिच्या नवऱ्यानं फोनवरून मान वर केली आणि तो आमच्याकडे चालत आला. मला वाटलं, आता होणार. पण तो बायकोच्या शेजारी येऊन नुसता उभा राहिला. तिचे डोळे भरले होते. चष्मा काढून ती पुसत होती आणि मला म्हणत होती, "माझी आई गेली मार्चमध्ये."

"चला, धक्का आला," नवरा तिला म्हणाला. जरा थांबून मला म्हणाला, "आवाज चांगला आहे तुमचा."

"शब्दही चांगले आहेत," मी म्हटलं.

तो गाडीकडे वळला. ती मात्र जाता जाता वळली आणि आल्बम कुठं ऐकायला मिळेल ते विचारून गेली.

कंपनीचा आल्बम त्या वर्षी आमच्यापेक्षा कितीतरी पटींनी चालला. अजून गणपतीत तोच वाजतो, आमच्या वाडीतसुद्धा. माझे कार्यक्रम कमी झाले ते पुरते भरून आले नाहीत. अध्यक्षांची बायको मात्र दर बुधवारी पडवीत आमच्याबरोबर गायला येते. मंडणगडच्या बाईचं कोंबड्याचं गाणं आम्ही बसवतोय. त्यात एक जागा फार अवघड आहे, खालून एकदम वर जाणारी, आणि ती आमच्यात फक्त अध्यक्षांच्या बायकोलाच घेता येते.